डोणी आधी कोणी ठेवली

लाळ-खुरकुताची लस टोचायला रंजिता कुडवापाड्यावर पहिल्यांदा गेली, तेव्हा इमॅन्युएल गावितच्या अंगणात एक म्हैस आंघोळीच्या टबातून पाणी पीत होती.

टबही साधासुधा नव्हता. बिडाचा, चांगला पुरुषभर लांब, आतून दुधासारखा पांढरा, काठ गोल वळवलेले आणि खाली सिंहाच्या पंजाचे चार पाय. नवापूरच्या या डोंगरात मोटरसायकलसुद्धा शेवटचा चढ ढकलत न्यावी लागते. तिथे हे धूड आलं कसं?

"हे काय आहे?" रंजिताने विचारलं.

"डोणी," इमॅन्युएल म्हणाला. "साहेबाची डोणी."

"कुठल्या साहेबाची?"

"काय माहीत. माझ्या बापाच्या वेळेपासून आहे."

"पण इथे कशी आली?"

इमॅन्युएलने म्हशीचं दावं आवळून धरलं. "मॅडम, आधी टोचून घ्या. ही लाथ मारते."

रंजिताने टोचलं, कानात बिल्ला मारला, नोंद केली आणि पुढच्या घरी गेली. पण त्या दिवशी उरलेल्या चाळीस जनावरांना सुई टोचताना तिच्या डोक्यात तो टबच होता.

रंजिता पाटील मूळची लोणखेड्याची. वडील पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यात फिटर. लहानपणी ती त्यांच्याबरोबर कारखान्यात जायची आणि वाफेच्या नळापासून मळीच्या टाकीपर्यंत प्रत्येक गोष्टीपुढे उभी राहून "पण का?" विचारायची. घरात तिचं नावच 'पणका' पडलं होतं. आई कौसाबाई कपाळाला हात लावायची. "मन्हं डोकं खाई ऱ्हायनी ही पोर! सासरी तठे कोन सांगी तुले इतलं?"

सासरी कोणी सांगितलं नाही हे खरं, पण नवरा भूपेश एसटीच्या डेपोत मेकॅनिक होता आणि त्याला स्वतःलाच गोष्टी खोलून बघायची हौस होती, त्यामुळे जमून गेलं. नोकरीत तर या खोडीचा उपयोगच झाला. पशुधन पर्यवेक्षकाचं कामच तसलं. जनावर बोलत नाही, तेव्हा माणसांना विचारावं लागतं. एकदा एका गावात एक गाय चार दिवस चाऱ्याला तोंड लावत नव्हती. दोघांनी ताप म्हणून सुया टोचल्या होत्या. रंजिताने घरातल्या प्रत्येकाला एकच विचारलं, "चार दिवसांपूर्वी घरातलं काय हरवलं?" सून आठवून म्हणाली, "माझी ओढणी. वाळत घातली होती, वाऱ्याने उडाली वाटतं." ओढणी वाऱ्याने उडाली नव्हती, गाईच्या पोटात होती. मोठ्या डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी ती बाहेर काढली आणि गाय वाचली.

अशा बाईला 'काय माहीत' एवढं उत्तर पुरणार नव्हतं.

नोव्हेंबर-डिसेंबरात तिची लसीकरणाची फेरी आजूबाजूच्या तिन्ही गावांत चालू होती. कुडवापाडा, बोरचोंडी, चिंचमाळ. जिथे चहा मिळे तिथे ती डोणीचं विचारी. आणि मौज अशी, की डोणी सगळ्यांना माहीत होती, आणि प्रत्येकाची हकीकत वेगळी होती.

बोरचोंडीचे माजी सरपंच डोंगरसिंग म्हणाले, "आमच्या आजोबाने ती लाथ मारून घाटातून खाली लोटली. साहेब मागे होता, त्याची टोपी पडली." वनखात्यातून निवृत्त झालेला एक रखवालदार म्हणाला, की साहेब इंग्लंडला परत जाताना खूश होऊन गावाला भेट देऊन गेला. चिंचमाळचे जालमसिंग गुरुजी, घराणं मूळचं कुडवापाड्याचं, वय चौऱ्याहत्तर, शाळेतून निवृत्त झालेले, त्यांची हकीकत सगळ्यांत भारी. घाटाच्या माथ्यावर त्यांच्या आजोबांनी हात वर करून सांगितलं, "आजपासून वेठ बंद!" आणि ओझं पहिल्यांदा त्यांनीच खाली ठेवलं. गुरुजी हे सांगताना खुर्चीतून उठून हात वर करत.

एवढं मात्र सगळ्यांच्या बोलण्यात सारखं होतं. इंग्रजांच्या शेवटच्या काळात वरच्या जंगलात साहेबासाठी एक बंगला बांधला गेला होता. टब नवापूर स्टेशनात रेल्वेने उतरला होता आणि घाटातून तो वेठीच्या माणसांनी वर न्यायचा होता. वेठ म्हणजे फुकटची सक्तीची हमाली. साहेब दौऱ्यावर निघाला की दर घरातून एक माणूस ओझ्याला जायचा. आपल्या गावाच्या शिवेपासून पुढच्या गावाच्या शिवेपर्यंत न्यायचं, मग पुढच्या गावाने उचलायचं. दाम नाही, भाकर नाही. शिवाय कोंबड्या, दूध, जळण हेही फुकट. शेतात पीक उभं असलं तरी निघावंच लागायचं.

पण डोणी घाटाच्या वर गेलीच नाही. मध्येच कोणीतरी ती खाली ठेवली. कोणी?

रंजिताने एक दिवस इमॅन्युएलकडून डोणी रिकामी करून घेतली आणि दोघातिघांच्या मदतीने कलती केली. दात बघून ती बैलाचं वय सांगे, तसं तिने डोणीचं बूड न्याहाळलं. तडा कुठेच नव्हता. म्हणजे घाटातून लोटलेली नाही, लोटली असती तर बीड फुटलं असतं. एका अंगाला मात्र हातभर रुंदीचा खोल गंज होता, अगदी तिरकी रेघ मारल्यासारखा. ही वस्तू कुठेतरी उतारावर, चिखलात एक अंग रुतून, दोन-तीन पावसाळे पडून होती. मग भेटीची गोष्टही खोटी. भेट दिलेली वस्तू कोणी रानात टाकत नाही.

राहिली गुरुजींची हकीकत. ती डोणीच्या बुडावरून कळणारी नव्हती.

हे सगळं चाललं असताना ओसरीच्या कोपऱ्यात एक म्हातारी तुरीच्या शेंगा सोलत बसलेली असे. सोनीबाई, इमॅन्युएलची आजी. नव्वदीला दोन कमी, नजर अजून शाबूत. रंजिताने डोणीचा विषय काढला की ती सूप उचलून आत जाई. एकदा गेली, दोनदा गेली. तिसऱ्यांदा इमॅन्युएलची बायको प्रिस्किला हळूच म्हणाली, "ताई, आजींना त्या डोणीचं नका विचारू. माझ्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण त्यांना डोणीला हात लावताना मी पाहिलं नाही. म्हशीला पाणी पाजायचं तर बादलीने पाजतात."

"का?"

"ते कोणालाच माहीत नाही."

खरं तर इथे रंजिताने थांबायला हवं होतं, पण ती थांबली नाही. नाताळाच्या चार दिवस आधी ती राहिलेल्या दोन वासरांसाठी कुडवापाड्यावर आली. इमॅन्युएल शेतात होता. घराच्या कुडाला नवी चुन्याची सफेदी दिली होती, प्रिस्किला कागदाचा तारा चिकटवत होती आणि सोनीबाई उन्हात बसली होती. वासरं टोचून झाल्यावर रंजिता तिच्यापुढे उकिडवी बसली आणि म्हणाली, "आजी, बाकी काही सांगू नका. एवढंच सांगा. डोणी आधी कोणी ठेवली?"

सोनीबाईचे हात थांबले. ती घरात बोले तीच डोंगरातली बोली बोलली, आणि ती इतक्या तुटक आवाजात, की रंजिताला काहीच कळलं नाही. तिने प्रिस्किलाकडे पाहिलं.

प्रिस्किला गोंधळली होती. "आजी म्हणतात, तू पण तेच विचारतेस? त्याच्यासारखंच?"

"कोणासारखं?"

"पोलिसासारखं," सोनीबाई आता मराठीतच म्हणाली. "त्यानेही असंच विचारलं होतं. असंच, समोर बसून."

रंजिताला वाटलं, आता ही उठून आत जाणार. पण सोनीबाईने सूप बाजूला सारलं आणि बोलायला लागली. अर्धं मराठीत, अर्धं तिच्या बोलीत. अडलं तिथे प्रिस्किला सांगत होती, आणि सांगता सांगता तिचेही डोळे मोठे होत होते, कारण हे तिनेही पहिल्यांदाच ऐकलं.

डोणी आली त्या हिवाळ्यात सोनी दहा वर्षांची होती. बाजारात, खळ्यांवर माणसं येऊन सांगत होती, वेठ कायद्यात नाही, देऊ नका. सपाटीवरचे शेतकरीही येत, डोंगरातलेही बसत. गावाने देवापुढे शपथ घेतली होती, आता वेठ नाही. पण शपथ झाली तरी धीर होत नव्हता. पट्टेवाला दारात आला की माणसं मुकाट्याने खांदा पुढे करत.

डोणी आली तेव्हा आठ माणसं लागणार होती. सोनीच्या बापाला हिवताप चढला होता, म्हणून तिची आई गजराबाई गेली. सात पुरुष आणि एक बाई. आईचं पाणी आणि भाकर घेऊन सोनी मागून चालली होती. आईला ती आया म्हणे.

ही वस्तू काय आहे, हे उचलणाऱ्यांपैकी कोणालाच माहीत नव्हतं. एक म्हणत होता, गोऱ्या माणसाला पुरायची पेटी असेल. दुसरा म्हणत होता, बदकांच्या शिकारीची नाव. वाटभर यावरच वाद. घाटात खांदा बदलायला थांबले तेव्हा गजराबाईने सरळ पट्टेवाल्याला विचारलं, "हे कशासाठी आहे?"

पट्टेवाला मिशीवर हात फिरवत म्हणाला, "यात बसून साहेब आंघोळ करणार."

"बंगला कुठे आहे?"

"नदीवर."

"नदीवर?" गजराबाई म्हणाली.

आणि तिला हसू फुटलं. आधी तोंड दाबून हसली, मग ते आवरेना. नदीच्या काठावर राहणारा माणूस आंघोळीसाठी आठ माणसांच्या खांद्यावरून लोखंडाचा खड्डा नेतोय, या विचाराने ती इतकी हसली, की तिने खांद्यावरचा बांबू खाली ठेवला आणि वाटेच्या कडेला बसकण मारली. पट्टेवाल्याने काठी उगारली. ती डोळे पुसत म्हणाली, "मार. पण मारून झालं की तूच उचल."

मग तिच्या शेजारच्याने बांबू ठेवला. मग त्याच्या मागच्याने. डोणी एका अंगावर कलली आणि तशीच राहिली. आठही माणसं घाट उतरून घरी गेली. पुढे बोरचोंडीची माणसं आली, त्यांनी पाहिलं आणि न उचलता परत फिरली. मग चिंचमाळची आली. तीही परत गेली. त्या दिवसानंतर या तीन गावांतून वेठीला कोणी गेलं नाही. साहेबाचा दौरा त्या वर्षी झालाच नाही.

"आणि पोलीस?" रंजिताने विचारलं.

पोलीस संध्याकाळीच आले. आठही जणांना घेऊन जायच्या आधी गावच्या कारभाऱ्याने सगळ्यांना बजावलं, कोणीही विचारलं तरी एकच सांगायचं, डोणी सगळ्यांनी एकदम ठेवली. म्हणजे एकट्यावर काही येणार नाही. पुरुषांनी माना डोलावल्या, बायकांनी डोलावल्या. पोरांना कोणी काही सांगितलं नाही.

शुक्रवारी बाजार होता. मोठी माणसं गावात नव्हती. एक हवालदार एकटाच आला. सोनी दगडावर बसली होती. त्याने तिच्यापुढे बसून खिशातून गुळाचा खडा काढला, तिच्या हातावर ठेवला आणि विचारलं, डोणी आधी कोणी ठेवली?

"मी सांगितलं," सोनीबाई म्हणाली. "आयाने. मला गूळ नको होता. मला सांगायचंच होतं. मी सगळं पाहिलं होतं ना. मला वाटलं, सगळ्यांना कळू दे, माझ्या आयाने ठेवली."

हवालदार उठला आणि निघून गेला. सात पुरुष महिन्याने सुटले. गजराबाईला तीन महिने झाले, धुळ्याच्या तुरुंगात. गावात लोक म्हणत, कोणीतरी फुटलं, कोणीतरी नाव सांगितलं. दहा वर्षांच्या पोरीवर कोणाचा संशय आला नाही. तिने नवऱ्याला सांगितलं नाही, मुलांना सांगितलं नाही, पुढे घरात प्रभूचं नाव आलं तेव्हा पाद्रीबाबांनाही सांगितलं नाही. देश स्वतंत्र झाल्यावर गावाने वाजतगाजत जाऊन डोणी घाटातून उतरवली आणि गजराबाईच्याच अंगणात आणून ठेवली, तिचा मान म्हणून. पुढे ती माणसं गेली, तशी खरी गोष्टही विसरली गेली. सोनीचा नवरा घरजावई म्हणून याच घरात आला, त्यामुळे तेव्हापासून ती रोज डोळ्यांसमोर.

रंजिताने मांडीवरची वही मिटली. तिला आपलीच लाज वाटत होती. दीड महिना ती जो प्रश्न एवढ्या हौसेने दारोदार विचारत फिरली, तो हाच होता, शब्दाला शब्द.

"आजी, चुकलं माझं," ती म्हणाली.

सोनीबाईने नुसता हात हलवला आणि पुन्हा शेंगा सोलायला घेतल्या.

त्यानंतर रंजिताने डोणीचं नाव काढलं नाही. जानेवारीत चिंचमाळला जंतांची औषधं द्यायला गेली. जालमसिंग गुरुजींनी खुर्ची दिली, चहा दिला आणि तिच्या प्रश्नाची वाट बघत बसले. तिने शेळ्या मोजल्या, औषध पाजलं आणि निघाली. पुढच्या आठवड्यातही तसंच. घरी भूपेशने विचारलं, "काय गं, डोणीचं काय झालं?" ती म्हणाली, "काही नाही." तो चमकून बघतच राहिला.

तिसऱ्या आठवड्यात गुरुजी स्वतःच दवाखान्यात हजर झाले. बरोबर जनावर नव्हतं, काखेत कापडात गुंडाळलेलं एक पुडकं होतं.

"मॅडम, तुम्ही विचारायचं का थांबवलंत?"

"काय?"

"डोणीचं. तुम्ही विचारत होतात तोवर मला काही वाटत नव्हतं. मी सांगत होतो, तुम्ही लिहीत होतात. पण तुम्ही थांबलात आणि मला झोप लागेना. म्हटलं, बाईंना कळलं वाटतं."

"काय कळलं?"

गुरुजींनी पुडकं सोडलं. आत पिवळे पडलेले आठ-दहा कागद होते, सरकारी शिक्क्यांचे. बहात्तर साली त्यांच्या वडिलांनी धुळ्याहून नकला काढून आणल्या होत्या. आजोबांचं नाव स्वातंत्र्यसैनिकांत लागावं म्हणून. नकला हातात पडल्या, त्यांनी त्या वाचल्या आणि अर्ज न करता पेटीत ठेवून दिल्या. वडिलांनंतर गुरुजींनीही वाचल्या आणि त्यांनीही परत पेटीतच ठेवल्या.

"वाचा," गुरुजी म्हणाले. "आधी माझ्या आजोबांचा जबाब वाचा."

रंजिताने वाचला. आजोबांनी लिहून दिलं होतं, 'डोणी सर्वांनी एकदम ठेवली. मी सर्वांचे मागे होतो. पुढील इसमांनी ठेवल्यावर मला एकट्यास धरवेना, सबब मीही ठेवली.'

तिला हसू आलं आणि तिने ते गिळलं. गुरुजी म्हणाले, "हसा. मीही हसलो असतो, माझे आजोबा नसते तर."

पुढचे सहा जबाब तसेच होते. सर्वांनी एकदम ठेवली. आठवा गजराबाईचा. तो वाचताना रंजिता सरळ होऊन बसली. मग तिने शेवटचा कागद वाचला, फौजदाराने वर पाठवलेला अहवाल. मग पुन्हा तारखा पाहिल्या, मोबाइलवर सेहेचाळीस सालचं कॅलेंडर काढलं आणि बोटाने वार मोजले.

"गुरुजी, हे कागद कुडवापाड्यावर नेऊ का?"

"मीही येतो. त्यासाठीच काढलेत."

"या. पण आधी मला तिथे एकटीला बसू द्या."



दुसऱ्या दिवशी गुरुजी इमॅन्युएलबरोबर बाहेर महूच्या, म्हणजे मोहाच्या, झाडाखाली बसले आणि रंजिता ओसरीवर सोनीबाईपुढे. प्रिस्किला शेजारी. रंजिताने आधी परवानगी विचारली. "आजी, तुमच्या आयाचा जबाब सापडलाय. वाचू का? नको म्हणालात तर घडी घालून परत नेते."

सोनीबाईने कागदावरून बोट फिरवलं. तिला वाचता येत नव्हतं. "वाच," ती म्हणाली.

'ता. ९ जानेवारी १९४६. मी गजरी, राहणार कुडवापाडा, सत्य सांगते. डोणी मी पहिली ठेवली. बाकीचे इसम एकदम ठेवली म्हणतात ते मला वाचविणेसाठी म्हणतात. ती कशासाठी आहे ते मला माहीत नव्हते. पट्टेवाल्याने सांगितल्यावर मला हसू आले. मला पश्चात्ताप नाही. पुन्हा सांगितल्यास पुन्हा ठेवीन.'

"परत वाच."

रंजिताने परत वाचलं. मग तिसऱ्यांदा. 'मला हसू आले' या शब्दांपाशी सोनीबाईचे ओठ हलत होते.

"ही नऊ तारीख बुधवार होती, आजी. पोलिसांनी नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी. हवालदार तुमच्याकडे आला तो शुक्रवार, अकरा तारीख. त्याच्या आधीच तुमच्या आयाने स्वतः सांगून टाकलं होतं."

"तिने स्वतः?"

"स्वतः. आणि पुढचं ऐका. फौजदार लिहितो, 'गावी हवालदार चुडामण यास पाठवून तपास केला. डोणी प्रथम कोणी ठेवली याविषयी गावात कोणीही काही सांगत नाही.'"

"कोणीही नाही?"

"असं लिहिलंय."

"मग माझं?"

"तुमचं नाव नाही."

"कुठेच नाही?"

"सगळे कागद दोनदा बघितले. कुठेच नाही."

सोनीबाईच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं, ते रंजिताला पुढे कोणाला नीट सांगता आलं नाही. आधी ती थिजल्यासारखी झाली. मग तिच्या कपाळावर आठी पडली, आणि ती चक्क रुसलेल्या पोरीच्या आवाजात म्हणाली, "मी सांगितलं होतं त्याला. नीट सांगितलं होतं."

प्रिस्किलाला हसू आवरलं नाही. तिने पदर तोंडाला लावला. सोनीबाईने तिच्याकडे रागाने बघितलं आणि मग तीही हसली. हसता हसता रडायला लागली. प्रिस्किला तिला धरून बसली. बाहेरून इमॅन्युएल घाबरून आला, त्याला रंजिताने हाताने थोपवलं.

बऱ्याच वेळाने सोनीबाईने डोळे पुसले. "ती सुटून आली तेव्हा चैत्र होता," ती म्हणाली. "मी महूच्या झाडामागे लपले होते. मला वाटलं, ती मारेल. ती पाणी प्यायली आणि म्हणाली, सोनी, महू वेचलास की नुसती खेळत होतीस? बस. पुन्हा कधी त्यावर बोलली नाही. मला वाटायचं, तिला सगळं माहीत आहे, म्हणून बोलत नाही."

"कदाचित तिच्याजवळ बोलण्यासारखं काही नव्हतंच," रंजिता म्हणाली. "ती सगळं सांगून मोकळी झाली होती."

सोनीबाईने पदर नीट केला. मग तिने एकदम मान वर केली.

"त्या हवालदाराने लिहिलं का नाही?"

"माहीत नाही, आजी. पोरीच्या बोलण्याला किंमत दिली नसेल. नाहीतर मुद्दामच गप्प बसला असेल."

"दोन्हीतलं कुठलं?"

"ते कागदावरून कळत नाही."

"मग विचार."

"कोणाला?"

"कोणालाही. तू तर सगळ्यांना विचारतेस," सोनीबाई म्हणाली.

मग गुरुजींना आत बोलावलं. ते सोनीबाईपुढे उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. "आजी, इतकी वर्षं मी तुमच्या आईचं नाव खाल्लं," ते म्हणाले. सोनीबाईने त्यांना शेजारी बसवून घेतलं आणि त्यांच्या आजोबांचा जबाब वाचून दाखवायला लावला. 'धरवेना, सबब मीही ठेवली' हे ऐकून ती म्हणाली, "खरं आहे. तो मागेच होता. फार लाजरा होता तो." सव्वीस जानेवारीला चिंचमाळच्या शाळेत झेंडावंदनानंतर गुरुजी बोलायला उभे राहिले तेव्हा सवयीने त्यांचा हात वर गेला, पण त्यांनी तो खाली घेतला आणि आठही जणांची नावं सांगितली. गजराबाईचं पहिलं. आपल्या आजोबांचं शेवटचं.

रंजिताने हवालदाराचा माग काढायचा खूप प्रयत्न केला. चुडामण हे नाव सपाटीवरचं, म्हणून तिने शहाद्याकडे ओळखीपाळखीत चौकशी केली. कौसाबाईलाही कामाला लावलं. आई फोनवर ओरडली, "त्याले मरीसन किती वरीस व्हयनात, आते कोन सांगी?" आणि दोन दिवसांनी तिनेच उलटा फोन करून विचारलं, काही कळलं का. आडनाव नाही, गाव नाही. नुसत्या चुडामणवर माणूस सापडत नाही.

पावसाळ्याआधीच्या घटसर्पाच्या लशी घेऊन ती मे महिन्यात कुडवापाड्यावर गेली. सोनीबाईने सावलीत बाज टाकून घेतली होती. रंजिताने दारातूनच सांगितलं, "आजी, हवालदाराचं अजून काही कळलं नाही."

"बरं," सोनीबाई म्हणाली. "मग बस. आयाने तुरुंगात काय काय पाहिलं ते सांगते. हेही कोणाला सांगितलेलं नाही."

प्रिस्किला भाकरी अर्धवट टाकून चुलीपासून उठून आली. रंजिताने लशीचा डबा सावलीत सरकवला आणि बाजेच्या कडेला बसली.